सोनुली दमली

सोनुलीने आजवर मारलेली सगळी माणसं खालच्या काकांनी उताणं पडून मारली होती.

हे वाक्य पोलिसांच्या हाती पडलं तर भलताच गैरसमज व्हायचा, म्हणून लगेच खुलासा करतो. सोनुली ही बाहुली. गोबरे गाल, दोन वेण्या, निळा फ्रॉक आणि हातात भाजी चिरायची सुरी. तिचे सहा सिनेमे आले. पहिल्याचं नाव 'सोनुली'. मग 'सोनुली परत आली', 'सोनुली पुन्हा परत आली', 'सोनुली गेलीच नव्हती' आणि असंच पुढे. पडद्यावर ती जिने चढते, बंद दारं उघडते, झोपलेल्या माणसाच्या उशाशी येऊन मान तिरकी करते आणि मग जे करायचं ते करते. आणि हे सगळं चालू असताना तिच्या पायाखाली, फळ्या टाकून उंच केलेल्या जमिनीच्या पोटात, फोमच्या पातळ गादीवर एक वयस्क गृहस्थ पडलेले असतात. डोक्याशी छोटा मॉनिटर, कानात दिग्दर्शकाचा आवाज, दोन्ही हात फळीच्या फटीतून वर. एका हातात सोनुलीच्या कमरेची दांडी, दुसऱ्यात तारांची मूठ. अंगठ्याशी एक खटका. तो दाबला की सोनुली डोळे मिटते.

हे खालचे काका. सोफ्याखाली, पलंगाखाली, जिन्याखाली, एकदा तर चालू सिंकखाली त्यांनी कारकीर्द काढली. त्यांना नाव होतं, पण सेटवर कोणीही "काका कुठायत?" म्हणून विचारलं की उत्तर "खाली" असंच यायचं. पुढे तेच चिकटलं. सोनुलीला मात्र सगळे 'बाईसाहेब' म्हणत. पहिल्या सिनेमाच्या वेळी एका लाइटवाल्याने तिला 'ठमी' म्हटलं आणि दुसऱ्याच मिनिटाला त्याला शॉक बसला. वायरचं आवरण फाटलेलं होतं हे नंतर कळलं, पण तोवर मान देऊन झाला होता आणि दिलेला मान परत कसा मागणार?

काकांची एक पद्धत होती. दिवसाचं काम संपलं की ते गादीवरून सरपटत बाहेर यायचे, कमरेवर हात ठेवून "आई गं" म्हणायचे, सोनुलीच्या हातातली सुरी काढून बाजूला ठेवायचे, तिला आडवी करायचे, अंगठ्याने पापण्या मिटायचे आणि खांद्यावरचा जुना टॉवेल तिच्या अंगावर डोक्यापर्यंत ओढायचे. यात माया वगैरे काही नव्हती. पापण्यांच्या खाचेत धूळ गेली की दुसऱ्या दिवशी एक डोळा अर्धाच मिटायचा, आणि डोळा मारणारी खुनी बाहुली कोणाला नको होती.

तिसऱ्या सिनेमापासून काका "हा शेवटचा" म्हणत होते. पाठ गेली होती, उजवा गुडघा गेला होता, डाव्याने तयारी चालवली होती. डॉक्टरांनी एक्स-रे बघून "तुम्ही काय काम करता?" असं विचारलं होतं आणि उत्तर ऐकून पुन्हा एक्स-रे बघितला होता. पण अडचण अशी, की निर्माता म्हणजे काकांच्या बायकोचा धाकटा भाऊ. सगळी दुनिया त्याला साहेब म्हणायची. काकू त्याला बाळ्या म्हणायच्या. आई लवकर गेल्यावर काकूंनीच त्याला वाढवला. प्रत्येक वेळी तो घरी यायचा, बहिणीच्या शेजारी बसायचा, तिच्या ताटातलं उचलून खायचा आणि जाताना दारात म्हणायचा, "ताई, तूच बघ काय ते." मग काकू काकांकडे बघून म्हणायच्या, "अहो, एवढा एक करा."

असे चार 'एवढा एक' झाले.

सातव्याची वेळ आली तेव्हा मेव्हणा वेगळीच बातमी घेऊन आला. "भावोजी, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "पण आता जमाना बदलला. खरीच रोबो बाहुली करतोय. दांडी नाही, तार नाही. स्वतः शिकते, स्वतः चालते. कृत्रिम बुद्धिमत्ता!"

काकांनी मनाला लावून घेतलं नाही. त्यांच्या मनात बँड वाजायला लागला होता. पण चेहरा पाडून ठेवणं भाग होतं, कारण या घरात आनंद दिसला की लगेच काहीतरी काम निघायचं.

"म्हणजे मी...?"

"तुम्ही सल्लागार! खुर्चीत बसायचं. यंत्र एकदा नीट चाललं, की तुम्ही मोकळे. कायमचे." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "नाहीच चाललं, तर मात्र तुम्ही आहातच."

त्या शेवटच्या वाक्यावर काकांचा उजवा गुडघा ठणकला.

सातव्या सिनेमाचं नाव होतं 'सोनुली आता स्वतः विचार करते'. गोष्ट नेहमीचीच. एक शास्त्रज्ञ बाहुलीच्या डोक्यात संगणक बसवतो, बाहुलीला अक्कल येते आणि अक्कल आल्याआल्या ती सुरी शोधते. अशा सगळ्याच सिनेमांत असंच होतं. काकांना यातली एक गोष्ट कधी कळली नाही. इतकी हुशार झालेली बाई घरभर जिने कशाला चढेल? माणसं शोधून, त्यांच्या मागे धावून, एकेकाला मारून मग तो पसारा टाकून पुढच्या घरी. ही केवढी दगदग. त्यांना माहीत होतं, त्यांनी सगळी केली होती. खरी अक्कल आली तर पहिली गोष्ट ती काय करेल? बसेल.

हे त्यांनी दिग्दर्शकाला एकदा सांगून पाहिलं. दिग्दर्शक तरुण होता आणि त्याला प्रत्येक गोष्टीत अर्थ दिसायचा. तो म्हणाला, "काका, यात फार अर्थ आहे," आणि निघून गेला.

पहिल्या दिवशी सेटवर येणारा-जाणारा काकांच्या खांद्यावर हात ठेवून जात होता. मेकअपवालीने डोळे पुसले. सिनेमातली आई त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली. ही नटी दुसऱ्या भागात मेली होती आणि तिसऱ्यापासून स्वतःची जुळी बहीण म्हणून काम करत होती. "काका, तुमच्याशिवाय मरायला मजा नाही येणार हो," ती म्हणाली. "तुम्ही पलंगाखाली असलात की कसं घरच्यासारखं वाटायचं."

"आता यांना वरचे काका म्हणायचं का?" लाइटवाला म्हणाला, आणि सगळे हसले. काका खुर्चीत बसून दुःखी दिसत होते. खुर्ची फारच छान होती.

मग इंजिनिअरबाई आल्या. मध्यमवयीन, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात थंड झालेली कॉफी. चार महिने त्या या बाहुलीपायी झोपल्या नव्हत्या. त्यांनी पेटी उघडली. आत सोनुली. तेच गाल, त्याच वेण्या. त्यांनी टॅबवर काहीतरी दाबलं आणि सोनुली उठून बसली, पेटीतून उतरली आणि चालू लागली. कोणाच्याही आधाराशिवाय. उजवा पाय किंचित ओढत, मान तिरकी. ती काकांची चाल होती. काकांच्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्याच्या मागोमाग आतून एक शांत, गोड विचार आला: सुटलो.

दुपारी मोठा शॉट होता. क्लायमॅक्सचा. आई पलंगावर झोपली आहे, सोनुली दारातून येते, पलंगावर चढते, सुरी उगारते. ॲक्शन झालं. सोनुली दारातून आली. अर्ध्या वाटेत थांबली. एक हात कमरेवर ठेवला आणि म्हणाली, "हुंऽऽ."

"कट!" दिग्दर्शक ओरडला. "काय थांबली! खुनाआधीचा तो श्वास! अप्रतिम!"

दुसऱ्या टेकला सोनुली पलंगापर्यंत आली, पलंगाची कड धरली, उजवा पाय अलगद लांब करत कडेवर टेकली आणि तिथेच बसून राहिली.

"यातही अर्थ आहे," दिग्दर्शक म्हणाला, पण जरा हळू.

तिसऱ्या टेकला ती चढली. सुरी उगारली. हात वर, सगळ्यांचे श्वास अडकलेले. आणि लहान मुलीच्या गोड आवाजात तिने विचारलं, "झालं का?"

आई डोळे मिटूनच सवयीने म्हणाली, "नाही हो काका, अजून एक आहे म्हणतायत."

मग तिने डोळे उघडले, सोनुलीकडे पाहिलं, आणि किंचाळली. सहा सिनेमांत प्रथमच खरीखुरी. दुर्दैवाने कॅमेरा तेव्हा बंद झाला होता.

इंजिनिअरबाईंनी टॅबवर बोटं फिरवली, कपाळावर हात मारला आणि मेव्हण्याला विचारलं, "साहेब, तुम्ही मला शिकवणीसाठी नेमकं काय पाठवलं होतं?"

"सगळंच! तुम्हीच म्हणालात ना, जितकं जास्त तितकं बरं. मी कपाटच रिकामं केलं. सहा सिनेमांचं चित्रीकरण, एडिटिंगच्या आधीचं, इथूनतिथून सगळं."

"तेच म्हणते," बाई म्हणाल्या. "सिनेमात सोनुली खून करताना दिसते ती घटकाभर. बाकी तासन्‌तास ती नुसती उभी आहे. कोणी लाइट हलवतंय, कोणी पावडर लावतंय, आणि ही दांडीवर मान टाकून थांबलेली. खालून आवाज येतायत: आई गं, झालं का, अजून एक? दिवस संपल्यावर काका कमरेवर हात ठेवून, गुडघा चोळत बाहेर येतायत, तेही कॅमेऱ्यात आहे. हिने ते सगळं पाहिलं, ऐकलं, आणि सोनुली असणं म्हणजे मुख्यतः काय, ते शिकली." त्यांनी थंड कॉफीचा घोट घेतला. "म्हणजे वाट बघणं, आणि पाठ दुखणं. मधूनमधून खून."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका खुर्चीत लहान झाले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, फळ्यांच्या खाली काय चाललंय ते कोणाला दिसत नाही.

"मग काढून टाका ना ते!" मेव्हणा म्हणाला. "खून ठेवा, थकवा काढा. सोपंय."

बाईंनी दोन दिवस घेतले. थकवा काढलेली सोनुली तिसऱ्या दिवशी सेटवर आली तेव्हा टेबलफॅनसारखी मान फिरवत सरळ रेषेत चालली आणि पलंगाला धडकून चालतच राहिली. तिला बघून कोणाला भीती वाटली नाही. मेकअपवालीला फक्त प्लग काढावासा वाटला. "हे असं आहे," बाई म्हणाल्या. "तिच्या चालण्यात जे भीतीदायक आहे ना, तो ओढलेला पाय, तिरकी मान, ते सगळं दुखण्यातूनच आलंय. एक काढलं की दुसरं जातं. मला यापुढे काही सुचत नाही, आणि खरं सांगू का, सुचावंसंही वाटत नाही." त्यांनी दमलेली सोनुली परत सुरू केली आणि कॉफी शोधायला गेल्या.

काकांना ते जवळ येताना दिसत होतं. मेव्हणा कोपऱ्यात फोनवर हळू आवाजात बोलत होता. मग तो आला आणि खुर्चीच्या हातावर टेकला.

"भावोजी."

काका खुर्चीत आणखी खोल सरकले.

"जुनी बाहुली गाडीतच आहे, योगायोगाने. फळ्याही उंचच ठेवल्यात, तेही आपले... असूदे म्हटलं. उद्या हा सेट पाडतायत. आज फक्त क्लायमॅक्स. एवढाच. बाकी सिनेमा यंत्रावर काढू."

"डॉक्टर म्हणालेत..."

"अहो, एवढंसं तर काम. कमरेचा पट्टा मागवलाय मी, ताई घेऊन येतीये."

काकांनी मान खाली घातली. पट्टा त्यांनी मुद्दाम घरी ठेवला होता. कपाटाच्या अगदी मागे, हिवाळी कपड्यांखाली. काकूंनी तो कसा शोधला असेल हा प्रश्नच नव्हता. त्या घरात काकूंना न सापडणारी वस्तू अजून जन्माला यायची होती.

काकू आल्या तेव्हा हातात पट्ट्याची पिशवी होती आणि चेहऱ्यावर 'मला मध्ये घालू नका' असा भाव होता. सेटवर त्या फारशा यायच्या नाहीत. आल्याच तर मॉनिटरसमोर बसायच्या आणि नवरा दिसत नाही म्हणून घरी जायच्या. आजही त्या थेट मॉनिटरपाशी गेल्या. पडद्यावर निळ्या फ्रॉकातली सोनुली पलंगाच्या कडेला टेकली होती. दिग्दर्शकाची तालीम चालू होती. सोनुलीने उठण्यासाठी कड धरली, थांबली, उजवा गुडघा हळूच चोळला, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मोडली आणि नाकातून श्वास सोडला.

"बघा," काकू चिडून मॉनिटरला म्हणाल्या. "सांगितलं होतं ना, सकाळी शेक घेतल्याशिवाय जाऊ नका. उजवाच दुखतोय ना? आता वर या, काय ती सुरी बाजूला ठेवा आणि पट्टा बांधा. अहो, ऐकू येतंय का?"

"अगं," मागून आवाज आला. "मी इथे आहे."

काकूंनी वळून पाहिलं. काका खुर्चीजवळ उभे होते. खांद्यावर टॉवेल, दोन्ही हात रिकामे. काकूंनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. सोनुलीने कमरेवर हात ठेवला होता.

"मग ती कोण?"

"ती एकटीच आहे, काकू," इंजिनिअरबाई म्हणाल्या. "काकांना बघून बघून शिकलीये सगळं."

काकू खुर्चीत बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या. घरी रोज दिसणारं माणूस दिसेनासं होतं. सोफ्यावरून उठताना तो काय करतो, कुठला पाय आधी टाकतो, हे कोण बघत बसतं? पण तेच एका गोबऱ्या गालांच्या बाहुलीने केलं की बघावं लागतं. सोनुली पुन्हा टेकली. पुन्हा उठू लागली. पुन्हा थांबली.

"दिवसभर अशीच करते?" काकूंनी विचारलं.

"दिवसभर," बाई म्हणाल्या.

"ताई," मेव्हणा शेजारी येऊन उकिडवा बसला. लहानपणी बसायचा तसाच. "फक्त आजचा दिवस. तू म्हणालीस तर भावोजी नाही म्हणणार नाहीत. तूच बघ काय ते."

"तेच बघतेय," काकू म्हणाल्या.

यापुढे त्या काय म्हणाल्या असत्या ते सांगता येत नाही, कारण तेवढ्यात काकांनी घोटाळा केला. त्यांना कोणी "हो" म्हटलेलं नव्हतं. पण इतक्या वर्षांत 'तूच बघ काय ते' नंतर पुढे काय होतं हे अंगाला माहीत होतं, आणि अंगाने परवानगीची वाट बघितली नाही. त्यांनी चपला काढून बाजूला जोडीने ठेवल्या, फळीची कड धरली आणि खाली शिरायला उजवा गुडघा वाकवला. गुडघा अर्ध्यावर अडकला.

"आई गं," काका म्हणाले.

"आई गं," वरून सोनुली म्हणाली, त्याच क्षणी, त्याच सुरात, फक्त गोड आवाजात.

सगळ्या सेटने ते दोनदा ऐकलं. कोणी हसलं नाही. लाइटवालाही नाही.

मग सोनुलीने सुरी बाजूला ठेवली. मूठ बाहेर, पातं भिंतीकडे, काका ठेवायचे तशी. ती पलंगावर आडवी झाली. सिनेमातली आई सरकून कडेला झाली आणि तिला जागा दिली. सोनुलीने पापण्या मिटल्या आणि एक हात उचलून खांद्यापाशी काहीतरी शोधू लागली. चाचपडली. पुन्हा चाचपडली.

"काय शोधतीये?" दिग्दर्शकाने हळूच विचारलं. अर्थ सापडला असता तर त्याने विचारलं नसतं.

काकू उठल्या. अडकलेल्या काकांना काखेत हात घालून उभं केलं, त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल काढला आणि पलंगाशी जाऊन सोनुलीच्या हातात दिला. सोनुलीने तो डोक्यापर्यंत ओढून घेतला.

"मी काही दाबलेलं नाही," इंजिनिअरबाई म्हणाल्या. टॅब त्यांनी कधीच खुर्चीवर ठेवला होता.

"ताई, अगं क्लायमॅक्स..."

"बाळ्या," काकू म्हणाल्या, "मी चार वेळा एवढा एक म्हणाले. एकदाही खाली वाकून बघितलं नाही. आता बघितलं. चपला घाला हो तुम्ही."

काकांनी चपला घातल्या. डावी आधी, मग फळीला धरून उजवी. पट्ट्याची पिशवी काकूंनी मेव्हण्याच्या हातात दिली. "तुझ्याही पाठीला लागेल कधीतरी." दोघं दारातून बाहेर पडली. सावकाश, कारण दुसरा वेग आता उरला नव्हता.

कॅमेरा कोणी बंद केला नव्हता. दुसरं काही हाती नसल्यामुळे सिनेमा तिथेच संपवला: खुनी बाहुली सुरी ठेवते, झोपते, आणि एका बाईचा हात तिला पांघरूण देतो. दिग्दर्शकाने मुलाखतींतून त्याचे बरेच अर्थ सांगितले. लोक घाबरायला आले होते ते बाहेर पडताना आपापल्या पाठी चोळत होते म्हणतात. काका सिनेमाला गेले, पण अंधार आणि मऊ खुर्ची असा योग आल्यावर त्यांना लगेच झोप लागली.

काही महिन्यांनी एका दुपारी मेव्हणा आला. हातात सफरचंदांची पिशवी. बहिणीच्या शेजारी बसला, तिने कापलेली फोड उचलली. काका खिडकीजवळ पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही.

"ताई, आठव्याचं बोलणं चाललंय," तो म्हणाला. "लोकांना बाईसाहेब फार आवडल्यात."

काकू सफरचंद कापत राहिल्या. "यांना नको विचारूस. तिलाच विचार. आता ती स्वतः विचार करते ना?"

"विचारलं."

"मग? काय म्हणाली?"

मेव्हण्याने फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ चावली.

"टॉवेल ओढून घेतला," तो म्हणाला.

पेपरमागून आवाज आला नाही. पण पेपर थोडासा हलत होता.